टोमॅटोचा हिशेब



मागच्या अष्टमीला मंदिरातून बाहेर पडताना पायरीवर एक ओळखीच्या वहिनी भेटल्या. चपला शोधता शोधता हळूच विचारलं, "काकू, साखरेला टोमॅटो चांगला ना हो? सकाळी रिकाम्या पोटी दोन खाल्ले की गोळी सुटते म्हणतात. मी आठ दिवस झाले सुरू केलंय."

"गोळी सोडली का?" मी विचारलं.

त्या नुसत्या हसल्या. त्या हसण्यावरून मला कळलं. कारण चार वर्षांपूर्वी मीसुद्धा तशीच हसत होते. ही गोष्ट मी आजवर घरातल्यांशिवाय कुणाला सांगितलेली नाही. लाज वाटायची. एवढी शिकलेली, बी. कॉम. झालेली, दुकानाच्या वह्या तीस वर्षं सांभाळलेली बाई अशी फसते कशी, असं लोक म्हणतील वाटायचं. पण त्या वहिनींचं हसू बघितलं आणि ठरवलं, आता सगळं सांगून टाकायचं.

आधी थोडं मागचं सांगते. १९८३ साली मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा स्वयंपाकघरात टोमॅटो नव्हता. सासूबाईंना आम्ही सगळे आक्का म्हणायचो. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा ही कंदमुळं तर माहेरीही नव्हती, त्याचं काही वाटलं नाही. पण आक्कांनी बहुबीज म्हणून वांगं आणि टोमॅटो दोन्ही आजन्म सोडलं होतं. "वांग्याचाच भाऊ तो," म्हणायच्या. पुढे वाचनात आलं, तेव्हा गंमत वाटली. वनस्पतिशास्त्रही तेच म्हणतं. वांगं, टोमॅटो, बटाटा आणि मिरची एकाच कुळातली. आपल्या जुन्या ग्रंथांत टोमॅटोचं नाव सापडायचं नाही, कारण तो मूळचा अमेरिका खंडातला आणि आपल्याकडे पोर्तुगीजांच्या काळात आला. म्हणून कुणाच्या घरी चालतो, कुणाच्या घरी चालत नाही. त्यावर आपल्या बायकांत किती वाद होतात, हे तुम्हाला सांगायला नको.

मी मात्र माहेरी टोमॅटोच्या सारावर वाढलेली. मोठ्याच्या वेळी दिवस गेले आणि मला काही केल्या टोमॅटोचं सार हवंसं वाटायला लागलं. बोलायची सोय नव्हती. पण आक्कांना कळलं कसं कोण जाणे. बाजारच्या दिवशी त्यांनी स्वतः अर्धा किलो टोमॅटो आणले आणि माझ्यापुढे ठेवले. मी म्हटलं, "आक्का, तुम्हाला चालत नाही ना?"

त्या म्हणाल्या, "सोडलंय ते मी. तू कुठं सोडलंयस? मनात धरून वरनं सोडणं म्हणजे सोडणं न्हवं." आणि त्याच्यासाठी एक वेगळं पातेलं काढून दिलं. ते पातेलं अजून माझ्याकडे आहे. त्या असेपर्यंत टोमॅटो त्याच पातेल्यात शिजला. त्या गेल्यावर हळूहळू सगळ्याच पातेल्यांत शिजायला लागला.

२०१६ मध्ये मला मधुमेह निघाला. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, रोज चालणं आणि खाण्यावर लक्ष. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी जी एचबीए१सी तपासणी असते, ती माझी ७.२ च्या आसपास राहायची. डॉक्टर म्हणायचे, "सातच्या खाली आणा." मी "हो" म्हणायची आणि ते तिथंच राहायचं.

मग एक दिवस भिशीतल्या मैत्रिणीचा मोबाइलवर निरोप आला. रोज सकाळी रिकाम्या पोटी दोन कच्चे टोमॅटो, शिवाय संध्याकाळी टोमॅटोचा गाळलेला रस. साखर मुळापासून जाईल. खाली पन्नास जणींचे हात जोडलेले. मला तर आनंदच झाला. करायला सोपं, खर्च काही नाही आणि आपल्या आवडीचं! दुसऱ्याच दिवसापासून सुरू केलं. पंधरा दिवसांनी वाटलं, आता औषध तर चालूच आहे की, मग संध्याकाळच्या गोळीची काय गरज? ती बंद केली. यांना सांगितलं नाही. मुलाला, सुनेलाही नाही. गोळ्यांची पाकिटं वेळेवर संपत नाहीत हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून जादाच्या गोळ्या देवाच्या पुस्तकांच्या कपाटात मागे ठेवायची. आता लिहिताना हात थबकतो, पण खरं आहे ते.

आणखी एक झालं. 'मी टोमॅटो खाते' या भरवशावर बाकीची मोकळीक सुरू झाली. सारात गुळाचा खडा मोठा पडायला लागला. भाताची दुसरी वाटी आली. सणाला पुरणपोळी एकाऐवजी दोन. मनात म्हणायची, उद्या सकाळी टोमॅटो आहेच.

त्या एप्रिलमध्ये आम्ही कुंभोजच्या बाहुबलीला दर्शनाला गेलो. दुपार झाली होती, फरशी तापलेली. सगळे अनवाणी पाय उचलून उचलून पळत होते, हसत होते. मी आपली सावकाश चालत होते. सूनबाई म्हणालीसुद्धा, "आई, तुम्हाला भाजत नाही?" मी म्हटलं, "देवाच्या दारात कसलं भाजतंय!" आणि मला त्याचा अभिमानही वाटला. खोटं कशाला बोलू?

घरी येऊन पाय धुताना बघते तर डाव्या तळव्याला पेरूच्या फोडीएवढा फोड. फुटलेला. मला तो कळलाच नव्हता.

तीन आठवडे ती जखम भरेना. शेवटी यांनी डॉक्टरांकडे नेलंच. तपासणीत एचबीए१सी ९.१ आलं. डॉक्टरांनी पायाला बारीक दोऱ्यासारखं काहीतरी टेकवून विचारलं, "आता कळतंय? इथं? आणि इथं?" दोन-तीन ठिकाणी मला काहीच कळत नव्हतं. हे बाजूलाच उभे होते, त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होत जातात, हे मी वाचलं होतं. पण ते दुसऱ्यांना होतं असं वाटायचं.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या दोन्ही वेळच्या घेताय ना?" मी खाली बघितलं. आणि यांच्यासमोर सगळं सांगितलं. टोमॅटो, रस, कपाटातल्या गोळ्या, सगळं.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "टोमॅटो चांगला आहे. खा. पण मला सांगा, तुम्ही त्याला कुठल्या खात्यात लिहिलंत? तो भाजीच्या खात्यातला आहे, तुम्ही औषधाच्या खात्यात टाकलात." त्यांना माहीत नव्हतं की मी आयुष्यभर खतावणी लिहिली आहे. पण ते वाक्य बरोबर जागी लागलं. चुकीच्या खात्यात एक रक्कम गेली की दोन्ही खाती चुकतात, आणि वर्षअखेरीला ताळा लागत नाही. माझंही नेमकं तेच झालं होतं.

घरी आल्यावर गोळ्या नियमाने सुरू केल्या, जखमेला रोज पट्टी. आणि दुकानातली एक कोरी वही आणून रोजकीर्द मांडली. डावीकडे काय खाल्लं आणि किती. उजवीकडे जेवणाआधीची साखर आणि पहिल्या घासापासून दोन तासांनंतरची साखर. मुलाने बोट टोचून बघायचं यंत्र आणून दिलं. सुनेने स्वयंपाकघरात वजनकाटा ठेवला. दोन महिने मी ही वही एकही दिवस न चुकता लिहिली.

आता टोमॅटोचा हिशेब सांगते, कारण तो कुणी नीट सांगत नाही. १०० ग्रॅम टोमॅटो म्हणजे मध्यम आकाराचा एक. त्यात जवळजवळ ९५ टक्के पाणीच. उष्मांक साधारण १८. कर्बोदकं ४ ग्रॅमच्या आसपास, त्यातली साखर अडीच ग्रॅम, आणि एक ग्रॅमभर तंतू. म्हणजे एका टोमॅटोतली सगळी कर्बोदकं मिळून चहाच्या एका चमचाभर साखरेएवढीही जेमतेम भरतात, आणि तीही एवढ्या पाण्यात आणि तंतूत विखुरलेली. म्हणून टोमॅटोने साखर झटकन चढत नाही. शिवाय 'क' जीवनसत्त्व मिळतं. त्याला लाल रंग देणारं लायकोपीन शिजवल्यावर आणि थोड्या तेलाबरोबर अंगाला जास्त लागतं. पोट भरतं, चव येते. एवढा त्याचा गुण. पण चढवत नाही म्हणजे चढलेली उतरवतो, असं नव्हे. मी तिथंच चुकले.

मग माझी साखर वाढली कशाने? वहीने दाखवलं. चार माणसांच्या सारात चार टोमॅटो, म्हणजे माझ्या वाट्याला एक. त्याची कर्बोदकं ४ ग्रॅम. त्यात लिंबाएवढा गुळाचा खडा, तीसेक ग्रॅमचा, म्हणजे माझ्या वाट्याला ७ ग्रॅम गूळ. आणि शिजलेल्या भाताच्या एका वाटीला, साधारण १५० ग्रॅमला, ४० ग्रॅमच्या वर कर्बोदकं. मी घेत होते दोन वाट्या. बघा आता. ४, ७ आणि ८० च्या पुढे. मी नाव घेत होते चाराचं आणि खात होते नव्वद!

त्या दिवशी जेवणाआधी साखर १४० होती, दोन तासांनी २४८. दुसऱ्या दिवशी एक ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी आणि टोमॅटो-काकडीची भरपूर कोशिंबीर. आधी १३८, दोन तासांनी १७६. गोळी तीच, मीही तीच. टोमॅटो दोन्ही दिवशी होता.

आपल्या जैन स्वयंपाकात आणखी एक गोष्ट आहे, ती आपणच ओळखायला हवी. कांदा-लसूण नाही म्हणून आपण रस्सा टोमॅटोवर उभा करतो. मग तो आंबट होतो म्हणून साखर किंवा गूळ. पातळ होतो म्हणून काजूची पेस्ट, नाहीतर कच्चं केळं उकडून कुस्करून, नाहीतर कॉर्नफ्लॉवर. बटाट्याच्या जागी सगळीकडे कच्चं केळं. पाहुणे म्हणतात, वा, कांद्याशिवाय इतकं छान! पण मधुमेहवालीच्या ताटात ती भाजी टोमॅटोची राहत नाही.

मी आता काय करते सांगते. टोमॅटोबरोबर दुधी उकडून घेते. दोन टोमॅटोला वाटीभर दुधी. दोन्ही एकत्र फिरवलं की आंबटपणाही बसतो आणि दाटपणाही येतो, गूळ लागत नाही. फोडणीला जिरं, हिंग, कढीपत्ता. वाटलंच तर चमचाभर दाण्याचं कूट. सारालाही मुगाच्या डाळीचं पाणी लावते. पहिले आठ दिवस घरातले नाराज होते, हे तर "दवाखान्याचं सार" म्हणाले. आता कुणी काही म्हणत नाही, उलट हेच वाटी पुढे करतात.

कोशिंबीर अगदी साधी. टोमॅटो, काकडी, ओलं खोबरं थोडं, कोथिंबीर, दाण्याचं कूट आणि लिंबू. दही घालत नाही, म्हणजे द्विदलाची शंकाही नको. साखर चिमूटभरसुद्धा नाही. ही आधी खाते, मग भाजी-आमटी आणि शेवटी भाकरी. असा क्रम ठेवला की साखर सावकाश चढते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि वहीतही तसंच दिसलं.

टोमॅटो शोधून घ्या, हे तुम्हाला सांगायला नकोच. देठाजवळ बारीक भोक असेल तर आत अळी असते. उभा चिरून, बघूनच वापरायचा. आणि फ्रीजमध्ये खूप दिवस ठेवू नका. जुन्या टोमॅटोच्या पोटात बियांना मोड आलेले मी स्वतः पाहिलेत. त्या दिवशी मला आक्कांचं बहुबीज नीट समजलं.

रस मात्र पूर्ण बंद केला. पेलाभर रसाला चार टोमॅटो लागतात आणि गाळल्यावर तंतू चोथ्यात जातात. बाटलीतला सॉस तर विचारूच नका. त्याच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा साखर असते. नातवंडांच्या बशीतला तो 'टोमॅटो' आपला नव्हे. पाकिटातल्या सूपमध्येही साखर, मीठ आणि कॉर्नफ्लॉवर असतं. मागच्या बाजूचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचत जा. रिकाम्या पोटी कच्चे टोमॅटो खाऊन मला तीन महिने जळजळ होत होती, ती वेगळीच. मी ती आंबवलेल्या इडलीवर ढकलत होते.

आणि एक महत्त्वाचं. मला चालतं ते तुम्हाला चालेलच असं नाही. माझ्या जाऊबाईंनाही मधुमेह आहे, पण त्यांची किडनी अशक्त झाली आहे. टोमॅटोत पोटॅशियम बऱ्यापैकी असतं, १०० ग्रॅमला २४० मिलिग्रॅमच्या आसपास. किडनीला ते बाहेर टाकता येत नसेल तर रक्तात साठतं, आणि त्याचा हृदयाला धोका असतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं. त्यामुळे त्यांना डॉक्टरांनी टोमॅटो मोजूनच दिलाय. आम्ही दोघी एका पंगतीला बसलो तरी आमची पानं वेगळी असतात. म्हणून कुणी सांगितलं की लगेच सुरू, असं करू नका. आधी क्रिएटिनिनची तपासणी झाली आहे का ते बघा.

आता धर्माचं. हे लिहावं की नाही, असा विचार बरेच दिवस केला.

वही लिहिताना दुसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की माझी साखर सगळ्यात जास्त चढते ती एकाशनाच्या दिवशी आणि उपवासाच्या पारण्याला. एकाशन म्हणजे एकदाच जेवायचं. पण मी त्या एकदाच्या जेवणात दोन वेळचं बसवत होते. वर शिरा, कारण दिवसभर काही नाही ना! पारण्याला तर गोडाशिवाय आपलं चालतच नाही. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं सोडायचे, पण त्या दिवशी ताटात गुळाची पोळी असायची. बाहेरून नियम चोख. आत हिशेब फुगलेला.

आपल्याकडे बाह्य तपात अनशनानंतर लगेच अवमौदर्य सांगितलंय, म्हणजे भुकेपेक्षा थोडं कमी खाणं. पुढे रसपरित्याग आहे. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि मीठ या रसांपैकी एक किंवा अधिक सोडणं. मी शाळकरी वयापासून हे पाठ म्हणत आले. पण ज्या एका रसाने माझा पाय बधिर केला, तो सोडायचं मला पन्नास वर्षांत सुचलं नाही. टोमॅटो खाऊ की नको यावर मी दहा जणींशी वाद घातले होते. गुळावर एकदाही नाही.

आणि मग आक्का आठवल्या. सकाळी आंघोळ करून, देवापुढे बसून त्या दिवसभराचा नियम घ्यायच्या. आज इतकेच पदार्थ, इतकेच रस, इतक्या वेळा पाणी. आम्ही सुना मागे हसायचो. जेवायला बसल्यावर चार पदार्थ झाले की पाचवा कितीही आवडीचा असो, हात आडवा. त्यात राग नाही, चडफड नाही. श्रावकाच्या बारा व्रतांत भोगोपभोग-परिमाण आहे. परिमाण म्हणजे माप. मी माझ्या वहीत खाऊन झाल्यावर खर्च लिहीत होते. आक्का सकाळीच अंदाजपत्रक मांडून मोकळ्या व्हायच्या. शाळा चौथीपर्यंत झालेल्या बाईला जे कळत होतं, ते मला कॉमर्सच्या पदवीने कळलं नव्हतं. शिवाय त्यांच्या त्यागात सौदा नव्हता. हे सोडलं म्हणून ते दुप्पट, असं त्यांनी कधी केलं नाही. माझं सगळं सौद्यावर चालत होतं. उद्या टोमॅटो आहे म्हणून आज दोन पोळ्या.

गेली चार वर्षं मी सकाळी नियम घेते. गूळ-साखरेचा रस बंद. भात आठवड्यातून दोनदा, अर्धी वाटी. टोमॅटो दिवसाला दोनपेक्षा जास्त नाही. अष्टमी-चतुर्दशीला तोही नाही, त्या दिवशी आमसुलाचं सार, बिनसाखरेचं. सूर्यास्ताआधी जेवण पूर्वीपासूनच आहे, त्यानंतर अंगणात वीस मिनिटं फेऱ्या. एकाशन करते ते साध्या जेवणाचं, एका जेवणाएवढंच. दशलक्षणातले उपवास डॉक्टरांना विचारून कमी केले. ज्यांच्या गोळ्यांनी साखर एकदम खाली जाऊ शकते किंवा ज्या इन्सुलिन घेतात, त्यांनी तर विचारल्याशिवाय उपवास धरूच नये. उपवासात चक्कर येऊन पडणं यात कसलं तप आलं? सामायिक आहे, स्वाध्याय आहे. नियम घ्यायला वाटा पुष्कळ आहेत.

मंदिरात आता आधी एक हात फरशीला लावून बघते. तापलेली असेल तर बाजूच्या सावलीतून, नाहीतर सकाळी लवकर जाते. घरी आल्यावर तळवे आरशात बघायचे, हा नियमच आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी एवढं तरी आजपासून करा. आपण वर्षभर अनवाणी दर्शनाला जाणाऱ्या बायका. आपल्याला ते जास्त गरजेचं आहे.

जखम भरायला अडीच महिने लागले. एचबीए१सी आधी ७.६ वर आलं, मग ७.१, आणि गेली दोन वर्षं ६.८-६.९ आहे. गोळ्या दोन्ही चालू आहेत. तळव्याचा तो बधिरपणा थोडा राहिलाच. तो गेला नाही, आणि जाईल असं डॉक्टरांनीही म्हटलेलं नाही. चुकीच्या नोंदीचं तेवढं व्याज मी भरतेय.

त्या दिवशी मंदिराच्या पायरीवर मी त्या वहिनींना हे सगळं सांगितलं नाही. नुसता चप्पल काढून तळवा दाखवला. म्हटलं, "टोमॅटो खा. कोशिंबिरीत खा, भाजीत खा. पण आज संध्याकाळची गोळी घ्या, आणि उद्या सकाळी उपाशीपोटी माझ्याबरोबर तपासणीला चला." त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आमच्या दारात उभ्या होत्या. हातात पिशवी, पिशवीत जुन्या तपासणीचे कागद आणि तीन महिन्यांच्या न घेतलेल्या गोळ्या.

जय जिनेंद्र.